जमीन म्हटलं की जमीनच

रुग्णालयातल्या बहुतेक डॉक्टरांना इंग्रजी येई, मराठी येत नसे. बहुतेक पेशंटांचं नेमकं उलटं. त्यामुळे प्रत्येक तपासणीच्या खोलीत पेशंटच्या बाजूला, जरा मागे, एक जादा प्लास्टिकची खुर्ची असे आणि त्या खुर्चीवर दुभाषीबाई बसत. जरा मागे अशासाठी, की डॉक्टरांनी पेशंटकडे बघून बोलावं, दुभाष्याकडे बघून नाही. आणखी एक नियम होता. पेशंट 'माझं डोकं दुखतंय' म्हणाला, की दुभाष्यानेही इंग्रजीत 'माझं डोकं दुखतंय' असंच म्हणायचं. 'यांचं दुखतंय' म्हणायचं नाही. अकरा वर्षांत बाईंनी इतकी डोकी, गुडघे आणि मूतखडे स्वतःचे म्हणून सांगितले होते, की त्यांचा नवरा म्हणे, "एवढी दुखणी घेऊन ही बाई हिंडतेफिरते कशी, याचंच मला नवल वाटतं."

त्याआधी अठरा वर्षं बाई शाळेत भाषा शिकवत होत्या. शाळा बंद पडली आणि त्या इथे आल्या. आल्या तेव्हा दुभाष्या म्हणून कुणी नेमलेलंच नव्हतं. पेशंटच्या घरातलं जे कुणी चार इयत्ता जास्त शिकलेलं असेल ते मधे उभं राहायचं. एका पेशंटबद्दल डॉक्टर इंग्रजी रीतीप्रमाणे म्हणाले, की ते अजून जंगलातून बाहेर आलेले नाहीत. भाच्याने मामीला तसंच सांगितलं. मामी म्हणाली, "अरे, जंगलात कसे जातील? काल रात्री तर खाटेवर होते." ती बिचारी वॉर्ड शोधत दोन मजले फिरली. धोका अजून टळलेला नाही, एवढंच डॉक्टरांना म्हणायचं होतं.

बाईंनी अशा वाक्यांची एक वही केली. डाव्या पानावर डॉक्टर जे म्हणतात ते, उजव्या पानावर आपण जे म्हणू ते. 'जरा हवामानाखाली आहे' म्हणजे अंगात कसकस आहे. 'कानाने ऐकत वाजवत जाऊ' म्हणजे जसं दिसेल तसं पुढे ठरवू. 'त्यावर एक डोळा ठेवू' म्हणजे लक्ष ठेवू. हे शेवटचं शब्दाला शब्द सांगितलं तर पेशंट घाबरतो, कारण आपल्याकडे डोळा ठेवणारा माणूस बरा नसतो.

उलट्या दिशेने तर जास्तच जपावं लागे. बाईंच्या आधीच्या काळात एका बाईने डॉक्टरांना सांगितलं होतं, की मुलगा घरी वेळेवर आला नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. तिच्या दिराने गोळ्याचा गोळाच सांगितला. डॉक्टरांनी तिच्या पोटाचे दोन फोटो काढले आणि तिसऱ्यासाठी मोठ्या मशीनकडे पाठवलं. वर्षातून दोनदा नवे दुभाषे शिकायला येत, तेव्हा बाई हा किस्सा हमखास सांगत. सगळे हसले की फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत: शब्द धरू नका, अर्थ धरा.

एका मंगळवारी मिस्त्री आले. फरशी बसवण्याचं काम करणारे, साठीला टेकलेले, अंगाने सडपातळ. गुडघ्यांवर पँट पांढुरकी झालेली, कारण निम्मं आयुष्य गुडघ्यांवर गेलेलं. सोबत त्यांची लेक होती. ती बाहेर बाकावरच थांबली, पण वडील वजनकाट्यावर उभे असताना तिने बाईंना हळूच बाजूला घेतलं.

"आई जाऊन आठ महिने झाले," ती म्हणाली. "बाबा बोलत काही नाहीत. एकटेच राहतात. हल्ली चालताना भिंतीला हात लावतात. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही. तुम्ही जरा डॉक्टरांना सांगा."

"मला आपणहून काही सांगता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "ते जे बोलतील तेच मी सांगणार."

आत तरुण डॉक्टर होते, चष्मा सारखा वर ढकलण्याची सवय असलेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, रक्ताचे रिपोर्ट चाळले. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी विचारलं, की त्रास नेमका काय होतो?

मिस्त्रींनी स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "काय सांगू," ते म्हणाले. "पायाखालची जमीन सरकते."

बाईंना एका क्षणात सगळं कळलं, असं वाटलं. आठ महिन्यांपूर्वी गेलेली बायको, रिकामं घर, न बोलणारा माणूस आणि हे वाक्य. आवाज त्यांनी साधाच ठेवला. इंग्रजीत त्या म्हणाल्या, "मला फार मोठा धक्का बसलाय. मी अजून सावरलेलो नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला आणि मऊ आवाजात विचारलं, की घरात काही घडलंय का? बाईंनी मराठीत विचारलं. मिस्त्री म्हणाले, "बायको वारली." त्यानंतर डॉक्टर बराच वेळ बोलले. दुःखाला घाई करू नये, हळूहळू माणूस सावरतो, काळासारखं औषध नाही, दर गुरुवारी खालच्या मजल्यावर अशा माणसांची बैठक असते. बाईंनी एकही शब्द गाळला नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

बाहेर पडताना लेकीने बाईंचे हात धरले. बाईंना त्या दिवशी आपल्या कामाचं समाधान वाटलं. तसं वाटायला कारणही होतं, कारण शब्दाला शब्द लावला असता तर डॉक्टर त्या माणसाला भूकंपाबद्दल विचारत बसले असते.

तीन आठवड्यांनी बाईंना प्लास्टरच्या खोलीतून बोलावणं आलं. उजवं मनगट मोडलेला पेशंट होता. बाई आत गेल्या तर खाटेवर मिस्त्री बसलेले, चेहरा घामेजलेला. शेजारी लेक, तिच्या हातात त्यांची टोपी.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात?

"न्हाणीघराच्या भिंतीला टाइल लावत होतो," मिस्त्री म्हणाले. "स्टुलावर चढलो. दोनच पायऱ्यांचं स्टूल. वरची ओळ सरळ आहे का बघायला मान वर केली, आणि सरकली." मग ते बाईंकडे वळले. "त्या दिवशी सांगितलं होतं की मी. तुम्हीच तर होतात. ते म्हणाले, काळ जाऊ द्या. मला वाटलं, आपोआप थांबेल म्हणतात."

"काय सरकलं?" बाईंनी विचारलं. असं मधेच विचारायला परवानगी असते, समजलं नाही तर.

"जमीन."

"जमीन म्हणजे?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू लहान मुलालाही कळेल ते हिला कळत नाही. "जमीन, बाई. फरशी. सिमेंट पातळ झालं की फरशी बसवल्यावर कशी सरकते, तशी. उजवीकडे. कूस बदलली की सरकते. खाली वाकून वर उठलो की सरकते. मग अर्ध्या मिनिटात थांबते. मी पहिल्यांदा पाणसळ लावून बघितली. घरची फरशी मीच बसवलीय, म्हटलं उतार राहिला की काय. पाण्याचा बुडबुडा मधोमध. मग कळलं, फरशी ठीक आहे, मीच ठीक नाही."

तीन आठवड्यांपूर्वी आपण इंग्रजीत काय सांगितलं होतं, ते बाईंना आठवलं. पण काम थांबवता येत नव्हतं. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना प्रत्येक शब्द सांगितला. पातळ सिमेंट, कूस, अर्धं मिनिट, पाण्याचा बुडबुडा, सगळं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. ही तक्रार आधी कुणाला सांगितली नव्हती का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी तेही मराठीत विचारलं. मिस्त्री म्हणाले, "सांगितली होती." बाईंनी तेही इंग्रजीत सांगितलं: "सांगितली होती." डॉक्टरांनी खांदे उडवले आणि कानाच्या विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली, गुरुवारची.

घरी गेल्यावर बाई जेवायला बसल्या आणि ताटातलं अन्न इकडून तिकडे करत राहिल्या. नवऱ्याने दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

नवरा टपाल खात्यात होता आणि चुकीच्या पत्त्यांचा त्याला आयुष्यभराचा अनुभव होता. तो म्हणाला, "आता कानाच्या डॉक्टरकडे जातायत ना? मग झालं. दुरुस्त झालं."

"मनगट कुठे दुरुस्त झालं?"

"तुझ्यामुळे मोडलं, असं कुणी म्हटलंय?"

"कुणी म्हणणारच नाही. मी त्या दिवशी इंग्रजीत काय बोलले ते त्यांना कळलेलं नाही, आणि ते मराठीत काय म्हणाले ते डॉक्टरांना कळलेलं नाही. दोन्ही फक्त मलाच माहीत आहे."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंनी ताट उचललं. नवरा वाईट माणूस नव्हता. बाईंना त्रास होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्यांना राहून राहून एकच गोष्ट खुपत होती. तो माणूस तीन आठवडे भिंतीला हात लावून चालत होता आणि डॉक्टरांनी आपलं ऐकून घेतलंय, अशा भरवशावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि चूक नोंदवण्याचा फॉर्म मागितला. विभागप्रमुखांना कपाट शोधावं लागलं. फॉर्म सापडला तेव्हा गठ्ठ्यावरची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. बाईंनी दोन ओळी लिहिल्या. पेशंट काय म्हणाला, मी काय सांगितलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते पटकन सुचेना. शेवटी लिहिलं, 'मला वाटलं, मला कळलं.'

मग त्या तरुण डॉक्टरांकडे गेल्या. ते ऐकताना चष्मा वर ढकलायचंही विसरले.

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "धक्का बसलाय म्हणजे काय होतं, झोप येते का, चक्कर येते का. मीही पुढे विचारलंच नाही. मलाही पटलं." मग म्हणाले, की सांडलेल्या दुधावर रडून काय उपयोग. बाईंच्या वहीत ते वाक्य फार आधीपासून होतं आणि समोर त्यांनी 'झालं ते झालं' असं लिहिलं होतं. पण ते त्यांनी स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. अजून एका ठिकाणी जायचं राहिलं होतं.

गुरुवारी कानाच्या विभागाबाहेर लांब व्हरांडा होता आणि बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. मिस्त्री आणि त्यांची लेक कोपऱ्यात होते. मिस्त्रींचा हात गळ्यात बांधलेला. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आधी नुसतं काय घडलं ते सांगितलं, मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. डॉक्टरांची नाही."

लेकीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बाबा बोलले ते तुम्ही सांगितलंच नाही?"

"नाही. मला वाटलं, ते आईंच्या जाण्याबद्दल बोलतायत. आपण म्हणतो ना तसं."

"मी तुमचे हात धरले होते," लेक म्हणाली.

मिस्त्री खाली बघत होते. व्हरांड्याच्या फरशीत दोन लाद्यांच्या मधे एक सांधा किंचित वर आला होता. तो ते चपलेच्या टोकाने चाचपत होते. मग म्हणाले, "तुम्ही माझ्या नावाने 'मी' म्हणून बोलता ना?"

"हो."

"मग मी म्हटलंच नाही ते मी म्हटलं, असं झालं."

"हो."

"मी फरशीवाला आहे, बाई. जमीन म्हटलं की मी जमीनच म्हणतो. शिकलेली माणसं जमीन म्हणून आणखी काय काय म्हणत असतील, ते मला माहीत नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

लेकीने दुसरा दुभाष्या मागितला. तो तिचा हक्कच होता, आणि बाईंनीच खिडकीवर जाऊन तशी नोंद केली. पण दुसरा दुभाष्या प्रसूतीच्या विभागात अडकलेला. बाळाला यायची घाई नव्हती आणि त्या दुभाष्याला उठता येत नव्हतं. एक तास गेला. मिस्त्रींना बसल्या जागी मान वळवली तरी घेरी येत होती. शेवटी तेच लेकीला म्हणाले, "चल पोरी. यांनाच घे. निदान कुठे चुकतात ते तरी आता यांना ठाऊक आहे."

लेक बाईंना म्हणाली, "जसंच्या तसं सांगायचं. पदरचा एक शब्द नको."

"एकही नाही," बाई म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टर वयस्क होत्या, केस सगळे पांढरे, हात मात्र लोहारासारखे भक्कम. त्यांनी मिस्त्रींना खाटेवर बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं आणि एकदम मागे आडवं केलं. मिस्त्रींनी डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली. त्यांचे डोळे आपोआप थरथरत एका बाजूला जाऊ लागले.

"सरकली," ते म्हणाले.

"जमीन सरकली," बाईंनी इंग्रजीत सांगितलं. "खरी जमीन. उजवीकडे."

डॉक्टरांनी मान डोलावली. अर्ध्या मिनिटात डोळे स्थिर झाले. मग त्यांनी हसून एक वाक्य म्हटलं, आणि बाईंनी ते जसंच्या तसं मराठीत आणलं. "डॉक्टर म्हणतात, हा केकचा तुकडा आहे."

लेक बाईंकडे बघू लागली.

"कसला केक?" मिस्त्री आडव्यानेच म्हणाले.

"कानात केकचा तुकडा गेलाय?" लेक घाबरून म्हणाली. "बाबा, तुम्ही कानात काय घातलंत?"

"मी कशाला कानात केक घालीन?"

बाईंना कळेना आता काय करावं. जसंच्या तसं सांगायचं कबूल केलं होतं. डॉक्टर तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या. ही इंग्रजी बोलण्याची रीत असणार, हे आता लेकीच्या ध्यानात आलं आणि तिला हसू आवरेना. आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच. ती म्हणाली, "अहो बाई, अर्थ सांगा ना."

"डाव्या हातचा मळ आहे, असं म्हणतायत," बाई म्हणाल्या. "सोपं आहे. आत्ताच्या आत्ता होईल."

"मग तसं सांगा की," मिस्त्री म्हणाले. "माझा सध्या डावाच हात चालतोय."

डॉक्टरांनी मग नीट समजावून सांगितलं. कानाच्या आतल्या बाजूला, जिथे शरीराचा तोल सांभाळला जातो तिथे, अगदी बारीक खडे असतात. ते जागा सोडून शेजारच्या नळीत घसरले की मान हलवताना सगळं फिरल्यासारखं किंवा सरकल्यासारखं वाटतं. डोकं एका ठराविक क्रमाने वळवलं की ते परत जागेवर जातात. बाईंनी प्रत्येक वाक्य सांगितलं आणि प्रत्येक वाक्यानंतर मिस्त्रींना विचारलं, "कळलं का? म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगा." मिस्त्रींनी सांगितलं.

"कानाला खडा लावतात, हे ऐकलं होतं," ते शेवटी म्हणाले. "कानात खडे असतात, हे नवीनच."

आता लेकीबरोबर बाईंनाही हसू आलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? बाईंना ते इंग्रजीत सांगायला चार वाक्यं लागली. आमच्याकडे, पुन्हा अशी चूक करणार नाही असा निश्चय केला, की माणूस कानाला खडा लावला म्हणतो. सांगताना आपण हे कुणाबद्दल बोलतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. डॉक्टर म्हणाल्या, की ही म्हण त्या त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगतील.

डोकं उजवीकडे, मग डावीकडे, मग कुशीवर, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी थांबायचं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं लागली. थोडं थांबून पुन्हा एकदा केलं. मिस्त्री खाली उतरले, दोन पावलं चालले, छताकडे बघितलं, खाली बघितलं. मग खोलीच्या मधोमध बराच वेळ नुसते उभे राहिले. लेक पुढे झाली, तर तिला हातानेच थांबवलं.

"जागेवर आहे," ते म्हणाले.

मनगट मात्र एवढं सहज जागेवर आलं नाही. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण हात पूर्ण वळेना. थापी धरता येई, फरशी उचलून बसवताना जो जोर लागतो तो येत नसे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, की एवढाच वळेल कदाचित. बाईंनी ते 'कदाचित'सकट सांगितलं. मिस्त्रींनी हातातली तीन कामं जावयाकडे दिली. त्यांनी कधी बाईंना बोल लावला नाही, पण ते हात फिरवून बघत तेव्हा बाईंना नजर दुसरीकडे न्यावीशी वाटे. त्या नेत नसत.

फॉर्मचा परिणाम असा झाला, की नव्या दुभाष्यांना शिकवण्याचं काम त्या सत्रापुरतं बाईंकडून काढून घेतलं. पुढच्या सत्रात परत दिलं, तेव्हा त्यांनी पोटातल्या गोळ्याचा किस्सा सांगितला, आणि मिस्त्रींची परवानगी घेऊन, नाव न सांगता, हाही सांगितला. या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. एका मुलीने विचारलं, "मग शब्द धरायचा का अर्थ?" बाई म्हणाल्या, "आधी माणसाला विचारायचं, म्हणजे कसं? मग ठरवायचं." डॉक्टरांची तक्रार आली, की बाई हल्ली फार वेळ घेतात. तरुण डॉक्टरांची मात्र आली नाही.

मनगटाच्या व्यायामासाठी मिस्त्री आठवड्यातून दोनदा येत. एकदा दुपारी ते शोधत शोधत कँटीनमध्ये आले आणि बाईंच्या समोर बसले. खिशातून मोबाइल काढला, टेबलावर ठेवला.

"एक विचारायचं होतं. घरचंच आहे, ड्यूटीतलं नाही."

"विचारा."

त्यांचा मुलगा लांब, दुसऱ्या देशात होता, त्याला दोन मुलं. सून तिकडचीच, तिला मराठी येत नव्हतं. सासू गेल्यापासून ती सासऱ्यांना स्वतः इंग्रजीत निरोप पाठवायची, आणि मिस्त्री फोनलाच त्याचं मराठी करायला सांगायचे. फोन त्याच्या अकलेप्रमाणे करून द्यायचा.

"सून चांगली आहे," मिस्त्री म्हणाले. "पण हे बघा. मी कळवलं होतं, माझ्या कानाचा आजार होता, आता बरा आहे. तर ही काय लिहिते." त्यांनी फोन पुढे सरकवला. फोनने लिहिलं होतं, 'बाबा, आम्हाला सर्व सांगा, आम्ही सर्व कान आहोत.'

"महिना झाला," मिस्त्री म्हणाले. "मी उत्तर नाही दिलं. माझं कानाचं दुखणं, आणि ही चेष्टा करते? मुलालाही काही बोललो नाही. म्हटलं, उगाच त्यांच्यात वितुष्ट नको."

बाईंनी वरचं मूळ इंग्रजी वाचलं. "चेष्टा नाही हो करत. आम्ही कान देऊन ऐकतोय, असं म्हणते ती. जीवाचा कान करून, तसं. तुम्ही बोला, आम्हाला ऐकायचंय."

मिस्त्रींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आणि मी महिनाभर अबोला धरला."

खाली आणखी तीन निरोप होते, एकापेक्षा एक छोटे. शेवटच्यात फक्त, सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारलेलं.

"उत्तर लिहून द्याल?"

बाईंनी चहाचा कप बाजूला केला. मिस्त्री सांगू लागले. कान बरा आहे. हात थोडा वळतो, रोज व्यायाम करतो. लेक दिवसाआड येऊन जाते. उशीर झाला त्याबद्दल राग मानू नको, मला वाक्य कळलं नव्हतं. एवढं सांगून ते थांबले. कँटीनवाला टेबलं पुसत होता.

"आणखी काही?"

"लिहा," मिस्त्री म्हणाले. "तुझी सासू गेल्यापासून घर खायला उठतं."

बाईंचं बोट फोनवर थांबलं. "हे कसं लिहू? शब्दाला शब्द का अर्थ?"

"तिला कळेल का शब्दाला शब्द?"

"घाबरेल बहुतेक. तिकडे घरं अशी उठत नाहीत."

मिस्त्रींनी विचार केला. "दोन्ही लिहा," ते म्हणाले. "वाटेल थोडा वेळ, पण दोन्ही लिहा."

म्हणून बाईंनी लिहिलं, की आमच्याकडे असं म्हणतात, एकटं राहिलं की घर उठून माणसाला खायला येतं. म्हणजे काय, ते मिस्त्रींना विचारून लिहिलं: त्या घरात पाय ठरत नाही, खोल्या मोठ्या वाटायला लागतात, हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. हे शेवटचं मिस्त्री म्हणाले नव्हते. बाईंनी ते खोडलं, आणि मिस्त्रींना विचारलं, असं लिहू का? ते म्हणाले, "लिहा. खरंच आहे."

दोन दिवसांनी व्यायाम आटोपल्यावर ते पुन्हा आले. उत्तर आलं होतं. फोनला त्यांनी विचारलंच नव्हतं. तसंच घेऊन आले होते. बाईंनी आधी एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने, सावकाश, मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, त्या घराला सांगा, सुट्टीत आम्ही चौघं येतोय, महिनाभरासाठी. चौघं आणि तुम्ही मिळून पाच. एवढ्यांना खायला त्याचं तोंड पुरायचं नाही."

"असंच लिहिलंय? तुम्ही नाही ना घातलं?"

"एक शब्दही नाही. तिचंच आहे."

"परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. मिस्त्रींनी फोन घेतला, न कळणाऱ्या अक्षरांकडे थोडा वेळ बघितलं आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. मग उठता उठता म्हणाले, की वरच्या खोलीत खिडकीजवळच्या दोन फरश्या पोकळ वाजतात, बायको होती तेव्हापासून वाजतात, ती नेहमी बसवा म्हणायची आणि मी नेहमी उद्या म्हणायचो. पोरं अनवाणी धावतील. ती सगळी यायच्या आत त्या उचलून नव्याने बसवायला हव्यात. जावयाला ते रविवारी बोलावणार होते. तो बसवेल, आणि ते शेजारी बसून सांगतील.